उल्हास खोऱ्यातली टॉवर लाइन

मावळात आंद्रा नावाची एक नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा पंढरपूरला वळसा घालून कृष्णेला, आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. निदान निसर्गाने तसं ठरवलं होतं. टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून हे पाणी अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि कर्जतजवळ भिवपुरीला सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यावर जनित्रं फिरवली. ते वर्ष १९२२. काम आटोपलेलं पाणी आजही उल्हास नदीत उतरतं आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरं ते उपसून पितात. तिथे तयार झालेली वीज मात्र तारांवरून मुंबईकडे निघाली.

एकाच तळ्यातून निघालेल्या या दोन गोष्टी एकाच खोऱ्यातून समुद्राकडे जातात. पाण्याला वाट आयती होती, नदीने ती कधीच करून ठेवली होती. विजेला ती आखून, मोजून, मालकाशी बोलून, प्रसंगी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन मिळवावी लागते. टॉवर लाइन म्हटलं की आपल्याला लोखंड आणि तारा दिसतात. पण ही वाहिनी उभी करताना सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत हट्टी सामग्री असते ती खालची जमीन. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे जितकं उघड दिसतं तितकं महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसेल.

वीज एवढ्या दाबाने का न्यायची, हे साध्या गणितात कळतं. १०० मेगावॅट वीज २२ केव्हीच्या, म्हणजे २२ हजार व्होल्टच्या, तीन तारांवरून न्यायची तर प्रत्येक तारेतून सुमारे २,६०० अँपिअर प्रवाह जाईल. तीच २२० केव्हीवर नेली तर सुमारे २६२ अँपिअर पुरतात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तार तीच ठेवून दाब दहापट केला, की नुकसान शंभरावर एक एवढंच उरतं. हा फायदा फुकट मिळत नाही. दाब वाढला की तारा जमिनीपासून, एकमेकींपासून, झाडांपासून आणि माणसांपासून आणखी लांब ठेवाव्या लागतात. टॉवर उंच होतो, त्याचे हात लांब होतात आणि खालचा मोकळा पट्टा रुंद होतो. धातू वाचतो, जमीन खर्ची पडते.

टाटांची पहिली वाहिनी खोपोलीहून परळला आली, १९१५ मध्ये, एक लाख व्होल्टच्या दाबाने. त्याआधी चार वर्षं, १९११ मध्ये, लोणावळ्याजवळ वळवणला धरणाचा पाया घातला गेला होता. युरोपातली या दाबाची पहिली वाहिनी जर्मनीत लाउखहामर ते रीझा अशी १९१२ मध्ये सुरू झाली. म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या युरोपच्या पाठोपाठ तीनच वर्षांनी एक लाख व्होल्टच्या वाहिनीवर आल्या. त्यासाठीचे मनोरे आणि चिनी मातीचे विद्युतरोधक परदेशातून मागवून दलदलीतून, भातखाचरांतून उभे करायचे होते, हे लक्षात घेतलं तर ही घाई थक्क करणारी वाटते.

पुढे १९२९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचं वीजगृह बांधलं. कल्याण ते पुणे आणि कल्याण ते इगतपुरी हे घाटमार्ग विजेवर आणायचे होते आणि त्यासाठीची वीज रेल्वेला स्वतःच्या हातात हवी होती. या जुन्या मंडळींनी घालून दिलेला दाब या भागाला कायमचा चिकटला. राज्यात बहुतेक ठिकाणी १३२ केव्हीची जाळी आहे, कोल्हापूर-सांगलीकडे ११० केव्हीची. महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीच्या यादीत १०० केव्ही असा वेगळा रकाना लागतो तो मुंबई, ठाणे, कल्याण या भागामुळे. अंबरनाथचं मोरिवली उपकेंद्र याच १०० केव्हीच्या घराण्यातलं. एकदा एखाद्या दाबाचे टॉवर, रोहित्रं आणि पट्टे तयार झाले की तो दाब बदलणं म्हणजे सगळंच नव्याने करणं, आणि शहराच्या मधोमध ते कुणाला परवडत नाही.

त्या पहिल्या वाहिन्या आल्या तेव्हा इथे शहर नव्हतंच. अंबरनाथला वालधुनीच्या काठी १०६० सालचं शिवमंदिर, विमकोचा आगपेटीचा कारखाना, थोडी वस्ती आणि भातशेती. कल्याणच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत आले आणि १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं मोजली गेली. बदलापूरची कथा आणखी वेगवान आहे. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, दहा वर्षांत ती १,७४,२२६ झाली. जुन्या वाहिन्या शेतांवरून ओढल्या गेल्या, त्यानंतर शहर त्यांच्यापर्यंत चालत आलं. नव्या वाहिन्यांचं उलटं आहे. त्यांना शहरातून वाट काढावी लागते.

आणि नवी वाहिनी हवी असतेच. कल्याणच्या उत्तरेला पडघे नावाचं गाव आहे. नाशिक महामार्गावरून जाताना तिथलं लोखंडी जंगल दिसतं. चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज साडेसातशे किलोमीटर अंतर कापून इथे उतरते. ही चंद्रपूर-पडघे वाहिनी उणे-अधिक ५०० केव्हीच्या एकदिश प्रवाहाची, क्षमता १,५०० मेगावॅट, नव्वदच्या दशकाच्या शेवटी कार्यान्वित झालेली. एवढ्या लांब पल्ल्याला एकदिश प्रवाह परवडतो, कारण तीनऐवजी दोनच ध्रुवांच्या तारा लागतात आणि पट्टा अरुंद होतो. छत्रपती संभाजीनगरकडून (पूर्वीचं औरंगाबाद) ७६५ केव्हीची वाहिनीही पडघ्यालाच येते. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याकडून येणारी वीज पडघ्यापर्यंत रुंद हमरस्त्याने येते आणि तिथून मुंबईत शिरताना गल्लीत अडकते.

ती गल्ली किती अरुंद आहे हे १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्यांनी पाहिलं. पडघे-कळवा आणि पुणे-खारघर या दिशांच्या ४०० केव्ही वाहिन्या एकेक करून बाद झाल्या, उरलेल्यांवर भार पडला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईसह सगळा परिसर अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून आपल्यापुरती जिवंत ठेवणारी व्यवस्था दशकानुदशकं नावाजली गेली होती, त्या दिवशी तीही टिकली नाही. पडघ्याहून खारघरला नेणारी ४०० केव्हीची दुहेरी वाहिनी ‘मुंबई ऊर्जा मार्ग’ या नावाने हाती घेतली गेली, तिच्यामागचं गणित हेच आहे. नियोजनाचा नियम असा, की जाळ्यातला कुठलाही एक दुवा अचानक गळाला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. पण ज्या दिवशी एक दुवा आधीच दुरुस्तीसाठी बंद असतो, त्या दिवशी हा नियम कागदावरच राहतो.

पडघे आणि खारघर नकाशावर जवळ दिसतात. मधे उल्हास नदी, मध्य रेल्वे, कल्याण-डोंबिवली-अंबरनाथची दाटी, मलंगगडाच्या बाजूचे डोंगर आणि महामार्गांचं जाळं आहे. आखणी करणारा अभियंता नकाशावर एकाहून अधिक मार्ग काढतो आणि प्रत्येकाची किंमत मांडतो. सरळ रेघ सर्वांत स्वस्त. जिथे वाहिनी वळते तिथे तारांचा ताण टॉवरला एका बाजूला खेचतो, म्हणून वळणावरचा टॉवर जड लागतो. त्यांची प्रतवारी ठरलेली आहे. दोन अंशांपर्यंतच्या वळणाला हलका ‘ए’, पंधरापर्यंत ‘बी’, तीसपर्यंत ‘सी’, आणि साठ अंशांपर्यंत किंवा वाहिनी जिथे संपते तिथे ‘डी’. ए प्रकारात विद्युतरोधकांची माळ सरळ खाली लोंबते. पुढच्या प्रकारांत ती तारेच्याच रेषेत आडवी ताणलेली असते. रस्त्यावरून जाता जाता एवढं पाहिलं तरी कुठल्या टॉवरवर ताण आहे ते ओळखता येतं. डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात जड टॉवर जवळजवळ दिसू लागले, की मार्ग आखणाऱ्याला सरळ जायला जागा मिळाली नाही एवढं समजावं.

जमीन घेण्याची पद्धत चमत्कारिक आहे, कारण ती घेतलीच जात नाही. टॉवरचे चार पाय ज्या जागेत उभे राहतात तिच्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याचंच नाव राहतं. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६८ डोक्यावरून जाणाऱ्या वाहिनीला सरकारी मंजुरी देतं आणि कलम १६४ वाहिनी बांधणाऱ्याला १८८५ च्या भारतीय तार कायद्यातले अधिकार बहाल करतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तारसेवेच्या तारांसाठी लिहिलेला तो कायदा म्हणतो, की खांब रोवता येईल, नुकसानीची भरपाई द्यावी लागेल, मालकी मात्र मिळणार नाही. मालकाने अडवलं तर जिल्हादंडाधिकारी आदेश देऊ शकतात, रकमेचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो. गंमत अशी, की आपली तारसेवा २०१३ मध्ये बंद पडली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदा मोडीत काढला, तरी त्यातला तिसरा भाग विजेच्या वाहिन्यांपुरता जिवंत ठेवला आहे. तार गेली, तिचा कायदा टॉवरच्या पायाशी उरला.

भरपाई हा मात्र गमतीचा विषय नाही. २२० केव्हीच्या वाहिनीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. एक किलोमीटर लांबीला तो साडेतीन हेक्टर, म्हणजे सुमारे ३४६ गुंठे होतो. ४०० केव्हीला ४६ मीटर धरले की किलोमीटरमागे साडेचारशे गुंठ्यांच्या वर जातो. बदलापूरमध्ये जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो आणि लोकल स्टेशनपासूनच्या अंतरावर ठरतो, हे लक्षात घेतलं की भांडण कुठे होतं ते कळतं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के रक्कम सुचवली होती. २०२४ मध्ये ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांपर्यंत वाढवली. ही वाढ योग्यच झाली. पट्ट्यात भात लावता येतं, भाजी लावता येते, पण इमारत बांधता येत नाही. जिथे जमिनीचा खरा उपयोगच इमारतीचा आहे तिथे ‘शेती तर चालूच राहणार’ या युक्तिवादात फारसा अर्थ उरत नाही. विजेपायी जमीन जाण्याचं दुःख महाराष्ट्राला नवं नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं, तरी धरण झालंच.

झाडांचं वेगळं. उंच वाढणारं झाड पट्ट्यात चालत नाही आणि जांभूळ उंच वाढतं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथल्या एखाद्या बांधावरचं जुनं झाड वाहिनीखाली आलं तर त्याचा हिशेब वय, घेर आणि फळ पाहून स्वतंत्रपणे होतो. वनजमीन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी, रेल्वे ओलांडायची तर रेल्वेची, दूरध्वनीच्या तारांजवळून जायचं तर त्यासाठीच्या समितीची. या परवानग्यांतच वर्षं जातात. टॉवर उभारण्याचं प्रत्यक्ष काम त्यामानाने झटपट होतं.

मोजणीची तऱ्हा आता बदलली आहे. पूर्वी थिओडोलाइट घेऊन माणसं मार्ग चालून काढत, जमिनीचा उभा छेद कागदावर काढत आणि त्यावर तारेच्या झोळाचा आकार कापलेली पारदर्शक पट्टी सरकवून टॉवरच्या जागा ठरवत. आता ड्रोनवरच्या लेसरने जमीन, झाडं, छपरं सगळं टिपलं जातं आणि संगणक जागा सुचवतो. तरी शेवटची खूण रोवायला माणूस लागतोच. नकाशावर मोकळी दिसलेली जागा प्रत्यक्षात कुणाच्या तरी घराचं जोतं निघते, हा या भागातला रोजचा अनुभव.

पायाचं काम कोकणात दिवाळीनंतर सुरू होतं. भात कापून झालेलं असतं, खाचरं सुकू लागलेली असतात आणि पुढच्या जूनपर्यंत वेळ मिळतो. चार खड्डे घेतात, एकेका पायाला एक. वरती मुरूम लागला तर खोदाई सुखाची, खाली काळा कातळ आला की फोडाफोडी आणि नदीकाठच्या मळीत पाणी लागलं तर रात्रंदिवस पंप. खड्ड्यात काँक्रीट ओतण्याआधी त्यावर लोखंडी चौकट ठेवतात आणि तिला टॉवरच्या पायांचे खालचे तुकडे जोडतात. हे तुकडे सरळ उभे नसतात, टॉवरच्या उतरत्या अंगाप्रमाणे आत कललेले असतात. फोरमन दोन्ही कर्णांवर टेप धरतो. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत, चारही माथे एका पातळीत पाहिजेत आणि प्रत्येकाचा कल ठरल्याप्रमाणे पाहिजे. इथे काही मिलिमीटर चुकले तर वर पन्नास मीटरवर भोकं जुळत नाहीत, आणि एकदा काँक्रीट आवळलं की दुरुस्ती नाही. म्हणून या कामावर अनुभवी माणूस तास तास खुंट्या ठोकत, पाचर सारत बसतो, तेव्हा काँक्रीटचं मशीन मुकाट उभं असतं. पाया ओतला की किमान चौदा दिवस पाणी मारत ठेवायचं, मगच वरचं काम.

वर चढणारी माणसं बहुतेक या गावांची नसतात. बंगालच्या मालदा जिल्ह्यातल्या टोळ्या देशभर हेच काम करतात. मधोमध एक लोखंडी डोलकाठी उभी करायची, तिच्या कप्पीवरून एकेक कोन वर ओढायचा, बोल्ट घालायचा, तेवढा भाग पुरा झाला की डोलकाठीच वर सरकवायची. प्रत्येक कोनावर क्रमांक ठोकलेला असतो. कोन एकमेकांना जोडायला वेल्डिंग कुठेच नाही, सगळं बोल्टांवर. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड कोकणच्या पावसात टिकतं, पण वेल्डिंगने जोडाचा मुलामा जळाला तर तिथून गंज धरतो. खालच्या काही मीटरांतले बोल्ट शेवटी ठोकून किंवा वेल्ड करून बंद करतात, कारण ते रात्री चोरीला जातात.

तारांची नावं मात्र प्राणिसंग्रहालयातली आहेत. १३२ केव्हीला ‘पँथर’, २२० ला ‘झेब्रा’, ४०० ला ‘मूस’. ही ब्रिटिश कारखान्यांची जुनी सांकेतिक नावं आजही टेंडरमध्ये तशीच छापली जातात. तारेच्या गाभ्यात ताण घ्यायला पोलादाचे धागे, भोवती वीज न्यायला अ‍ॅल्युमिनियमचे. मूसमध्ये ५४ अ‍ॅल्युमिनियमचे आणि ७ पोलादाचे धागे असतात, जाडी ३१.७७ मिलिमीटर, वजन मीटरला सुमारे दोन किलो. दोन टॉवरांमधल्या चारशे मीटरच्या एका गाळ्यात एकच तार आठशे किलो भरते. दुहेरी वाहिनीत तीन-तीन फेजांचे दोन संच असतात, प्रत्येक फेजला अशा चार तारा असतील तर दोन टॉवरांमधे एकोणीस टनांहून जास्त धातू अधांतरी लटकतो.

हा धातू जमिनीवरून फरफटत न्यायचा नसतो, ओरखडा पडला की त्या जागी पुढे ठिणग्या आणि गुणगुण सुरू होते. म्हणून आधी ड्रोनने किंवा माणसांकरवी हलका दोर टॉवरवरून टॉवरवर टाकतात, त्याने पोलादी दोर ओढतात आणि पोलादी दोराने तार. एका टोकाला ओढणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला ताण धरून सोडणारं. मधे कुठेही तार भुईला लागता कामा नये. मग येतो झोळ. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळली तरी मधे थोडी झोळतेच, फार आवळली तर खुंटी उपटते. तारेचंही तेच, फक्त हिशेब तापमानाचा. ऊन वाढलं, भार वाढला, की तार लांबते आणि जमिनीकडे येते. दोनशे वीस केव्हीची तार सर्वांत तापलेली असतानाही जमिनीपासून सात मीटरच्या वर राहिली पाहिजे, चारशेची जवळपास नऊ मीटर.

म्हणून झोळ बसवायचं काम सकाळी लवकर करतात, वारा पडलेला असताना. तारेचाच एक तुकडा उंचावर टांगून ठेवतात आणि त्याच्या पोटात तापमापी सरकवलेली असते, कारण हवेचं तापमान आणि धातूचं तापमान यांत उन्हात बराच फरक पडतो. दोन्ही टॉवरांवर ठरलेल्या उंचीला आडव्या पट्ट्या बांधतात. एका पट्टीमागे बसलेला माणूस दुर्बिणीतून दुसऱ्या पट्टीकडे पाहतो. तारेचा सर्वांत खालचा बिंदू त्या दृष्टिरेषेला टेकला, की तो वायरलेसवर ‘बस’ म्हणतो आणि पलीकडे खेचणारं यंत्र थांबतं. या पद्धतीला आता इलेक्ट्रॉनिक साधनं आली आहेत, पण दुर्बीणवाला अजून गेलेला नाही.

रेल्वे ओलांडणं हे या पट्ट्यातलं सर्वांत तणावाचं काम. कल्याण-कर्जत मार्गावर लोकल, मेल आणि मालगाड्या सतत चालू असतात. रेल्वेच्या डोक्यावर २५ केव्हीची स्वतःची तार आहे. तिचा पुरवठा बंद करून गाड्या थांबवून मिळणारा ‘ब्लॉक’ बहुधा रात्रीचा आणि मोजक्या मिनिटांचा असतो. शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं आणि दोन्ही बाजूंना ताणाचे जड टॉवर उभे करायचे, म्हणजे एका बाजूची तार तुटली तरी रुळांवरचा गाळा पडत नाही. नदीची गोष्ट निराळी. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी पाणी जिथवर पसरलं ते पाहून नदीकाठी टॉवरचा पाया कुठे आणि किती खोल घ्यायचा याचा अंदाज कुणालाही येईल. वाहत्या पाण्याची खरवड होऊ शकते तिथे साधा खड्डा चालत नाही, खाली काँक्रीटचे स्तंभ उतरवावे लागतात.

या खोऱ्याचा आणखी एक खास शत्रू म्हणजे हवा. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. २२० केव्हीला चौदा-पंधरा आणि ४०० केव्हीला तेवीसच्या आसपास चकत्यांची माळ लागते. त्या चकत्यांवर रसायनांची धूळ बसते आणि हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवाने ती ओली होते. ओला थर वीज वाहू देतो, माळेवरून ठिणगी सरकते आणि वाहिनी बंद पडते. मुसळधार पाऊस यापेक्षा बरा, तो चकत्या धुऊन काढतो. म्हणून अशा भागात चकत्यांना जास्त खोल कंगोरे देतात किंवा पाणी न धरणाऱ्या पॉलिमरच्या माळा बसवतात, आणि दिवाळीनंतर धुण्याची मोहीम निघते.

इमारतींचा शत्रुपणा याहून हळू वाढतो. नियमाप्रमाणे २२० केव्हीच्या तारेपासून इमारत खाली साडेपाच मीटर आणि बाजूला ३.८ मीटर तरी दूर हवी, तीही तार वाऱ्याने झुलून सर्वांत जवळ आलेली असताना. उल्हासनगरसारख्या दाट वस्तीत एकमजली घरावर रातोरात दुसरा मजला चढतो आणि शिडीवरच्या माणसाच्या हातातली सळई तारेच्या पुरेशी जवळ पोहोचते. एवढ्या दाबात स्पर्श होण्याची गरज नसते, हवेतूनच झेप येते. नव्या गृहसंकुलांचे नकाशे काढणारे त्या मानाने सावध असतात. वाहिनीखालच्या पट्ट्यात ते रस्ता किंवा बाग दाखवतात आणि जाहिरातीतल्या चित्रात टॉवर काढायचा विसरतात.

वाहिनी पुरी झाली की विद्युत निरीक्षक ती तपासतो. टॉवरचा भूमीशी असलेला जोड नीट आहे ना, फेजांचा क्रम दोन्ही टोकांना जुळतो ना, सर्व तात्पुरते भूबंध काढले ना, हे पाहिलं जातं. त्याआधी गावांत दवंडीसारखी सूचना देतात, की अमुक तारखेपासून ही तार जिवंत समजावी. मग एका टोकाचा ब्रेकर लावला जातो. पहिल्यांदा भार नसतो, फक्त दाब. दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्रात मीटरची आकडेवारी बरोबर दिसली की जोडणी होते.

जुन्या वाहिन्यांचं काय, हा प्रश्न या भागात नव्या वाहिन्यांइतकाच मोठा आहे. पट्टा रुंद करता येत नाही, टॉवर उंच करायला कुणी जागा देत नाही, आणि मागणी वाढतच राहते. यावर राज्यात अनेक ठिकाणी वापरला गेलेला उपाय म्हणजे टॉवर तेच ठेवून फक्त तार बदलणं. साधी तार ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे झोळ वाढतो. नव्या मिश्रधातूच्या आणि वेगळ्या गाभ्याच्या तारा दीडशे अंशांच्या वर तापूनही फारशा झोळत नाहीत, त्यामुळे त्याच टॉवरवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते. त्यांची किंमत जास्त असते आणि तापलेल्या तारेत वीजही जास्त वाया जाते, पण गुंठ्याचा भाव पाहता तो व्यवहार परवडतो. हे काम थंडीत करतात, कारण तेव्हा पंखे-वातानुकूलन बंद असतं आणि एक वाहिनी काही दिवस बाद ठेवता येते. त्यासाठी नवा दोर टाकावा लागत नाही. जुन्या तारेच्या टोकालाच नवी तार जोडतात, एका बाजूने जुनी गुंडाळत जायची, दुसऱ्या बाजूने नवी आत येत जाते, आणि उतरलेलं अ‍ॅल्युमिनियम वजनावर लिलावात जातं.